दावणीचा खर्च कोणी सोसावयाचा?

थकलेला बैल बाजारात विकावा, आलेल्या रकमेत भर घालून नवा गोऱ्हा घ्यावा, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब होता. त्या बैलाचे मांस स्वस्त अन्न म्हणून गरिबाच्या घरी जाई व कातडे चर्मकाराच्या हातास काम देई. हा हिशेब महाराष्ट्रात आज कायद्याने मोडला आहे.

१९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी केली होती. परंतु निकामी झालेल्या बैलास दाखला मिळाल्यास कापण्याची मुभा होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर मार्च २०१५ मध्ये अंमलात आली आणि ती मुभा संपली. आता दाखल्यावर कापता येते ती केवळ म्हैसवर्गातील जनावरे. बैल कापणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कत्तलीसाठी तो विकणे हाही गुन्हाच. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले.

बंदीचे समर्थक म्हणतात की, म्हातारा बैलही शेण व मूत्र देतो. म्हणून तो निरुपयोगी नव्हे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, १९५८ चा आपला निर्णय फिरविताना, हाच युक्तिवाद मान्य केला. आता सरकारचीच कृती पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गाईमागे प्रतिदिनी ५० रुपये अनुदान देण्याचे ठरविले. शेणातून चाऱ्याचा खर्च निघत असता, तर या अनुदानाचे प्रयोजन काय होते? ५० रुपये रोज म्हणजे वर्षास १८,२५० रुपये आणि पाच वर्षांत ९१,२५० रुपये. जनावर पोसण्यास पैसा लागतो, हे सरकारने स्वतःच कबूल केले आहे. परंतु हे अनुदान गोशाळेस. दोन एकरांच्या धन्याने आपल्या गोठ्यात पोसलेल्या थकल्या बैलास नव्हे. त्याने एक तर कडबा विकत घेऊन बैल पोसावा, नाही तर रात्री दावे सोडून त्यास दुसऱ्याच्या पिकात हाकलावे! हा कोणता न्याय?

घटनेच्या ४८ व्या कलमाचा हवाला नेहमी दिला जातो. ते कलम शेती व पशुपालन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करावयास सांगते, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याच्याच शेजारचे ४७ वे कलम जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. एक कलम डोक्यावर घ्यावयाचे आणि दुसरे पायदळी तुडवावयाचे, हा घटनेचा आदर नव्हे.

कोणी काय खावे, हा उपदेश आम्ही करीत नाही. ज्यांस गाय पूज्य आहे त्यांनी तिची पूजा खुशाल करावी. परंतु एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याच्या दावणीतून वसूल करणे हा अन्याय आहे. आमची मागणी सरळ आहे : सरकारने थकलेला बैल वाजवी भावाने विकत घ्यावा, अथवा गोशाळेस दिलेले ५० रुपये शेतकऱ्यासही द्यावे. हे दोन्ही जमत नसेल, तर बैलापुरती १९७६ ची दाखल्याची मुभा परत आणावी. पुण्य आपल्या नावे आणि खर्च गरिबाच्या नावे, ही वाटणी आम्हांस मान्य नाही.