थोरल्या बंधूंची सूचना आणि डोंगरातली दुचाकी



पुण्याच्या नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यापारात माझी चाळीस वर्षे गेली. त्यामुळे आप्तेष्टांत कोणी गाडी घ्यायचे ठरवले, की मत विचारायला मंडळी माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात मात्र मत विचारण्याआधीच ते मला सांगून ठेवण्यात आले. पुतण्याने रॉयल एनफील्डची नवी हिमालयन घ्यायचे आणि दोन मित्रांसह स्पितीला जायचे मनावर घेतले होते. थोरले बंधू रात्री दुकान वाढवण्याच्या वेळी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तू यंत्रातला माणूस. काहीतरी तांत्रिक खोट काढ आणि त्याला थांबव. मी नाही म्हटले, तर घरात अबोला धरेल. तुझे ऐकेल."

खोट काढणे हे आमच्या व्यवसायात नित्याचेच आहे. पण मालात नसलेली खोट ग्राहकाला दाखवणे मला कधी जमलेले नाही. म्हणून बंधूंना म्हटले, आधी गाडी तर पाहू.

रविवारी सकाळी पुतण्या, त्याचे दोघे मित्र आणि आमच्याकडून वर्षानुवर्षे माल नेणारे एक वयोवृद्ध मेकॅनिक असे आम्ही दुकानाच्या पोटमाळ्यावर बसलो. एका मित्राकडे जुनी ४११ हिमालयन, तर दुसऱ्याकडे नवी ४५०. दोन्ही गाड्या खाली उभ्या होत्या, त्यामुळे वादी आणि प्रतिवादी दोघेही हजर होते.

प्रथम इंजिनाचा विषय निघाला. २०१६ साली आलेल्या पहिल्या हिमालयनचे इंजिन ४११ सीसीचे, हवेने आणि तेलाने थंड होणारे. सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर, तर पिस्टनची चाल ८६. चाल व्यासाहून लांब असली, की इंजिन कमी फेऱ्यांतच जोर धरते. या गाडीचा ३२ न्यूटन-मीटरचा सगळा जोर मिनिटाला ४,००० ते ४,५०० फेऱ्यांतच हाती येई आणि दगडगोट्यांच्या चढावर ती क्लचची फारशी मनधरणी न करता चढे. अश्वशक्ती मात्र अवघी चोवीस. महामार्गावर तिला लवकर धाप लागे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील मोटोव्हर्स मेळाव्यात नवी हिमालयन विक्रीस आली. तिचे ४५२ सीसीचे इंजिन पूर्णपणे नव्याने आखलेले आहे. व्यास ८४ आणि चाल ८१.५ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण उलटले. चार व्हॉल्व्ह, दोन कॅमशाफ्ट, पाण्याने थंड होण्याची सोय आणि पाचाऐवजी सहा गिअर. ८,००० फेऱ्यांना चाळीस अश्वशक्ती आणि ५,५०० फेऱ्यांना ४० न्यूटन-मीटर जोर.

"ताकद वाढली खरी, पण ती माडीवर जाऊन बसली," मेकॅनिक म्हणाले. खडकाळ चढावर माणूस आठ हजार फेऱ्यांनी गाडी चालवत नाही, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर सापडले ते डोंगराच्या उंचीत. स्पितीच्या वाटेवरची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. इंधनाचे प्रमाण इंजेक्शनची यंत्रणा सांभाळून घेते, पण नसलेली हवा ती कोठून आणणार? ढोबळ हिशेबाने चोवीस अश्वशक्तीचे तेथे चौदा उरतात, चाळिसाचे तेवीस. सामानासह पावणेतीनशे किलोंचा भार चौदांवर ओढायचा की तेवीसांवर, हा प्रश्न व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पाण्यावरून मात्र चांगलाच वाद रंगला. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, पंखा, रबरी नळ्या, दाबाचे झाकण आणि शीतक द्रव एवढ्या गोष्टी जुन्या गाडीत नव्हत्याच. "जे नाही ते बिघडत नाही," असे मेकॅनिकांचे सूत्र. पुढच्या चाकाने उडवलेला एक दगड रेडिएटरच्या जाळीत बसला, की स्पितीत दुरुस्ती कोण करणार, असे त्यांनी विचारले. यावर मुलांपाशी उत्तर नव्हते. रेडिएटरवर जादा लोखंडी जाळी बसवावी, इतकेच ते म्हणाले.

पण दुसरी बाजू मलाच मांडावी लागली. जुन्या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण साडेनऊ पटींनी दाबले जाई, नव्यात साडेअकरा पटींनी. एवढ्या दाबाचे आणि आठ हजार फेऱ्यांचे इंजिन केवळ पंखांसारख्या पत्र्यांवर थंड ठेवणे कठीण. शिवाय हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो आणि वारा वेगातून मिळतो. खऱ्या बिकट चढावर गाडी माणसाच्या चालीने सरकते. तेव्हा इंजिन सर्वाधिक तापते आणि वारा सर्वांत कमी असतो. पाण्याच्या गाडीत अशा वेळी विजेचा पंखा फिरू लागतो. मेकॅनिकांनी मान डोलावली, पण "झाकण आणि नळ्या जादा ठेवा" हे बजावायला ते विसरले नाहीत. या दोन वस्तू मी अर्थातच विकतो.

मध्येच आपल्या चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरचा विषय निघाला. तिचा व्यास ८९ आणि चाल अवघी ६४ मिलिमीटर. स्वभाव चपळ, शक्ती शेहेचाळीस. तिच्या २०२५ च्या मुख्य मॉडेलातही पुढचे चाक २१ इंचांचे झाले आहे. ज्याला धावायचे आहे त्याने ती घ्यावी, रमतगमत जायचे आहे त्याने हिमालयन, असा निकाल लागला आणि चहा आला.

पुढचे चाक २१ आणि मागचे १७ इंचांचे का, हे पुतण्यानेच नीट सांगितले. मोठे चाक दगडाला भिडते तेव्हा त्याचा चढण्याचा कोन सौम्य असतो. लहान चाक त्याच दगडावर आपटते. मागे मात्र भार आणि ओढ असल्याने रुंद टायर हवा, म्हणून १७. पंक्चरचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. साध्या तारांच्या चाकात तारा रिमला भोके पाडून जातात, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूब पंक्चर झाली, की चाक उतरवून टायर सोडवावा लागतो, आणि तो उद्योग बोचऱ्या थंडीत करावा लागतो. नव्या हिमालयनला २०२४ पासून तारा रिमच्या कडेला गुंतवलेली ट्यूबविरहित चाकेही मिळू लागली; त्यांत खिळा निघाला, तर पाच-दहा मिनिटांत काम होते. परंतु रिम वाकली, तर टायरच्या कडेने हवा निसटते. ट्यूबचे चाक मात्र हातोडीने ठोकून पुढच्या गावापर्यंत नेता येते. पूर्वी एकदा आंबोली घाटात मी असा दगडाने ठोकून निभावलो आहे. तरीही मी ट्यूबविरहित चाकांच्या बाजूने कौल दिला, कारण खिळे जास्त भेटतात.

आता चौकटीविषयी थोडेसे. जुनीत लोखंडी नळ्या इंजिनाखालून जाऊन त्याला पाळण्यासारखे धरत. नव्या चौकटीत इंजिन स्वतःच भार वाहणारा भाग आहे. त्यामुळे पाण्याची सगळी यंत्रणा वाढूनही गाडीचे वजन इंधनासह १९६ किलोच राहिले.

येथवर बंधूंना हवी असलेली खोट मला सापडलेली नव्हती. खाली उतरून पुतण्याला नव्या गाडीवर बसवले, तेव्हा मात्र थांबलो. त्याची उंची पाच फूट चार इंच. बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटर. दोन्ही पायांची फक्त बोटे टेकत होती. ही उंची हौसेपोटी ठेवलेली नाही. पुढचे आणि मागचे सस्पेन्शन २०० मिलिमीटर दबते, इंजिनाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा आहे. दगडांवरून जायचे तर एवढे लागतेच आणि ते सगळे मिळून बैठक वर ढकलतात. सपाटीवर बोटे पुरतात. उतारावर थांबताना ज्या बाजूला पाय टाकावा तिकडची जमीन तीन बोटे खाली असली, तर गाडी कलंडते.

मैदानावर जाऊन मी त्याला दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या लावायला सांगितल्या, गाडी आडवी करवली आणि म्हटले, "उचल." पहिल्या खेपेला ती जागची हलली नाही. मुलाचे कान लाल झाले. मेकॅनिकांनी रीत दाखवली: गाडी उजव्या कुशीवर असेल, तर स्टँड आधीच बाहेर काढायचा, गिअर टाकायचा, बैठकीला पाठ लावून गुडघे वाकवायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरून पायांच्या बळावर मागे चालायचे. पिशव्या काढल्यावर त्याला जमले. पिशव्यांसह मात्र मित्राचा हात लागलाच.

त्या रात्री बंधूंना जे होते ते सांगितले. "यंत्रात खोट नाही. गाडीला कंपनीकडूनच २० मिलिमीटर बुटकी बैठक मिळते, ती घ्यावी. पडलेली गाडी त्याला एकट्याने सामानासह उचलता येत नाही, म्हणून एकट्याने पुढे जायचे नाही आणि सामान कमी करायचे." बंधू बराच वेळ बोलले नाहीत. वहिनींची अट एकच होती, जाकीट चामड्याचे नको. ती अडचण आता उरलेली नाही; संरक्षक पट्ट्यांची कापडी जाकिटे उत्तम मिळतात.

दोन दिवसांनी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर बाप-लेक जेवणाच्या टेबलावर सामानाची यादी घेऊन बसलेले. बंधूंनी कपड्यांच्या दोन जोड्या स्वतःच्या हाताने खोडल्या होत्या आणि सर्वांत वर हवा भरण्याचा पंप लिहिला होता.