शाल, श्रीफळ आणि साइन-ऑफ

दर वर्षी १५ सप्टेंबरला माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. अभियंता दिन. कॉलेजच्या ग्रुपवर विश्वेश्वरय्यांचा फेट्यातला फोटो, खाली ‘हॅपी इंजिनिअर्स डे’, त्याखाली बेकार इंजिनिअरवरचे तेच ते मीम. दुपारी जेवणापर्यंत सगळं शांत. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, हे ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांना माहीत नसेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की वर्षातला एक दिवस आपण इंजिनिअर असतो आणि उरलेले ३६४ दिवस नुसते एम्प्लॉयी.

या दोन्हींत फरक काय, हे मला एका फॉर्मने शिकवलं.

तीन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या रोजच्या पैशांचा हिशोब करणारी प्रणाली आम्ही बनवत होतो. रिलीजच्या पाच दिवस आधी मला एक गोष्ट सापडली. ऑर्डर पोचवतानाच्या नेमक्या क्षणी मुलाच्या फोनचं नेटवर्क गेलं, तर काही वेळा ती ऑर्डर ‘रायडरने रद्द केली’ अशी नोंदली जायची आणि त्याचा त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह कापला जायचा. मी लीडला सांगितलं. तो म्हणाला, “अगं, नोन इश्यू आहे. पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ. तू साइन-ऑफ देऊन टाक.”

मी दिला. फॉर्मवर माझं नाव, तारीख आणि ‘एकही गंभीर दोष नाही’ या ओळीसमोर माझी टिक.

तो ‘पुढचा स्प्रिंट’ यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत कुणाचे किती पैसे गेले, हे मला आजही माहीत नाही. तो रिपोर्ट कुणी काढला नाही. काढा, असं मीही म्हटलं नाही.

त्या रात्री मी विचार केला होता, की विचारायचं कुणाला? एचआर कंपनीचा. लीडचं स्वतःचं अप्रेझल त्याच रिलीजवर. आईबाबा म्हणाले असते, “नोकरी टिकव बाई.” मैत्रिणी म्हणाल्या असत्या, “सगळीकडे असंच असतं.” लिंक्डइनवर लिहिलं असतं तर सहा महिने इंटरव्ह्यूचा फोन आला नसता. माझ्या कामातलं कळणारा, माझ्या पगाराशी ज्याचा संबंध नाही आणि ‘नाही म्हण, आम्ही आहोत’ असं म्हणू शकेल असा एकही माणूस माझ्याकडे नव्हता.

असा माणूस असण्याची जागा म्हणजे व्यावसायिक संस्था. आपल्या पिढीने ती जागा मोकळी सोडली आहे, आणि संस्थांनी आपण ती सोडावी याची नीट व्यवस्था केली आहे. या लेखात मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी संस्थांशी. दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजमधल्या एका संस्थेच्या विद्यार्थी शाखेची खजिनदार होते. काम काय? वर्गणी गोळा करणं, बॅनर छापणं, पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ आणणं आणि हॉल रिकामा दिसू नये म्हणून पहिल्या वर्षाच्या पोरांना लेक्चर बुडवून आणून बसवणं. पाहुणे तासभर ‘आजचे तरुण’ या विषयावर बोलायचे. आजच्या तरुणांना प्रश्न विचारायला वेळ उरायचा नाही, कारण चहा थंड होत असायचा. शेवटी सर्टिफिकेट. डिग्री झाल्यावर माझं सभासदत्व कधी संपलं, ते मलाही कळलं नाही आणि त्यांनाही. तिथे माझी गरज होती ती खुर्ची भरण्यापुरती.

हे नेहमीच असं नव्हतं. माझा मामा पाटबंधारे खात्यात डिप्लोमावर लागला. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था, तिला १९३५ मध्ये रॉयल चार्टर मिळाला. तिची ‘एएमआयई’ परीक्षा त्याने साइटवरून येऊन, रात्री कंदील लावून दिली. आधी सेक्शन ए, मग सेक्शन बी. त्या परीक्षेला सरकार पदवीच्या बरोबरीची मानायचं. कॉलेजची फी न परवडणाऱ्या कितीतरी ओव्हरसिअरना त्या शिडीने वर नेलं. २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती सरकारी बरोबरी थांबली. पण मामाच्या तोंडी अजूनही ‘आमची इन्स्टिट्यूशन’ असा शब्द येतो. कुठल्याही संस्थेबद्दल ‘आमची’ म्हणणारा माझ्या बॅचमधला एक तरी माणूस मला दाखवा.

आता आपल्याशी. आपलं पहिलं उत्तर ठरलेलं: “संस्था कशाला? गिटहब आहे, यूट्यूब आहे, डिस्कॉर्ड आहे.” शिकण्यापुरतं हे शंभर टक्के खरं. मीही तिथेच शिकले. पण कोड अडला तर उत्तर देणारे हजार लोक आणि तुम्ही अडलात तर कुणी नाही, हा त्या जागांचा स्वभाव आहे. पाठीशी उभं राहायला सभासदांची यादी लागते, घटना लागते, निवडून आलेली कमिटी लागते, वकिलाला द्यायला पैसे लागतात. कंटाळवाण्या गोष्टी आहेत या. पण अडचणीच्या वेळी त्याच कामी येतात.

एक खरं उदाहरण देते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘बार्ट’ ही रेल्वे उभी राहत होती. गाड्या संगणकाच्या नियंत्रणावर चालणार होत्या. तिथल्या तीन इंजिनिअरांना त्या नियंत्रण प्रणालीची चाचणी नीट होत नाही, असं दिसत होतं. वरिष्ठांनी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी ही गोष्ट संचालक मंडळातल्या एका सदस्यापर्यंत नेली. मार्च १९७२ मध्ये तिघांनाही काढून टाकण्यात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रीमाँट स्थानकावर एक गाडी थांबायच्या ऐवजी पुढे गेली आणि रूळ संपल्यावर खाली उतरली. काही प्रवासी जखमी झाले. नियंत्रणातला एक क्रिस्टल बिघडला होता आणि गाडीला वेग कमी करण्याऐवजी वाढवण्याची आज्ञा मिळाली होती.

तिघे कोर्टात गेले. कॅलिफोर्नियातली व्यावसायिक इंजिनिअरांची संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. १९७५ मध्ये आयईईई ही विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरांची संस्था न्यायालयाला मदत करणारा त्रयस्थ पक्ष म्हणून पुढे आली. तिचं म्हणणं साधं होतं: जनतेची सुरक्षितता जपणं हा इंजिनिअरच्या नोकरीच्या कराराचाच न लिहिलेला भाग आहे, आणि ते कर्तव्य बजावलं म्हणून त्याला काढता येणार नाही. खटला शेवटी तडजोडीत मिटला. १९७८ मध्ये त्या तिघांना याच कामासाठी आयईईईकडून पुरस्कार मिळाला.

यात भाबडं होण्यासारखं काही नाही. संस्था उशिरा आली. नोकऱ्या आधीच गेल्या होत्या. पण ती आली, आणि तिचा कागद कोर्टात दाखल झाला. मी टिक केली त्या रात्री असा कागद कुठेतरी आहे, एवढं माहीत असतं, तरी माझा हात थोडा थबकला असता.

“आपण काय रेल्वे बनवतो का?” असं म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट वाचावी. ‘होरायझन’ हे हिशोबाचं सॉफ्टवेअर तिथल्या पोस्ट शाखांच्या खात्यांत नसलेली तूट दाखवायचं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त शाखाचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरं गेली. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहेत हे ते बनवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या लोकांपैकी काहींना माहीत होतं, हे पुढे चौकशीत बाहेर आलं. म्हणजे तिथेही कुणीतरी ‘नोन इश्यू’ असं लिहिलंच असणार. माझ्या रायडर पोरांची आणि त्या पोस्टमास्तरांची गोष्ट आकाराने वेगळी आहे, जातीने एकच.

दुसरं उत्तर: “मग युनियन करा.” जरूर करा. पगार, ले-ऑफ, सक्तीचा राजीनामा, रात्री अकराचे कॉल यांसाठी युनियनच हवी, आणि पुण्यात आयटीवाल्यांनी तशा संघटना उभ्या केल्याही आहेत. पण युनियन मला विचारते, “तुझ्यावर अन्याय झाला का?” त्या फॉर्मच्या वेळी माझ्यावर काहीच अन्याय झाला नव्हता. मला बोनससुद्धा मिळाला. अन्याय माझ्या हातून दुसऱ्यावर झाला. त्याचा जाब विचारणारी आणि त्यात अडकलेल्याला सावरणारी जागा वेगळी लागते. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिल आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि कौन्सिल आहे. कोड लिहिणाऱ्याला मात्र परवाना लागत नाही. म्हणून तर आपल्या बाबतीत स्वेच्छेने उभ्या केलेल्या संस्थेचं वजन जास्त. एसीएमच्या २०१८ च्या आचारसंहितेत सार्वजनिक हिताला पहिलं स्थान दिलं आहे. ती मी वाचली कधी? टिक केल्यानंतर दोन वर्षांनी. चार वर्षांच्या डिग्रीत ती कुणी हातात ठेवली नव्हती.

तिसरं उत्तर सगळ्यांत प्रामाणिक आहे: “तिथे सगळे रिटायर्ड लोक असतात.” असतात. कारण सभेला तेच येतात. वार्षिक सभेला पंधरा जण असतील, तर आठ जणांत बहुमत होतं. हे गणित मांडायला इंजिनिअर असायची गरज नाही. आपण आठजण ऑफिसच्या टर्फ क्रिकेटसाठी शनिवारी सकाळी सहाला उठून जमतो.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. संस्थांनो, पदवीनंतरच्या पहिल्या दहा वर्षांतल्या सभासदांना कार्यकारिणीत मतासकट जागा द्या, नुसती ‘युवा समिती’ नको. शालींचा खर्च वाचवून प्रत्येक शाखेत अशी दोन-तीन माणसं नेमा, ज्यांना एखादी घाबरलेली मुलगी रात्री फोन करून ‘मी सही करू का?’ असं विचारू शकेल आणि ते नाव बाहेर जाणार नाही. नाशिक, कोल्हापूर, सोलापूरला सभा घ्या, मराठीत घ्या. अडचण इंग्रजीत सांगावी लागली की अर्धी घशातच राहते.

आणि आपण? सभासद व्हा, पण रेझ्युमेवरच्या ओळीसाठी होऊ नका. सभेला जा, हिशोब मागा, कंटाळा सहन करा, निवडणुकीला उभे राहा. महिन्यातली एक संध्याकाळ द्या.

गेल्या वर्षी मी पुन्हा सभासद झाले. पहिल्या सभेत विषयपत्रिकेवर अभियंता दिनाचा सत्कार होता. इतर विषयांत मी हात वर केला आणि म्हटलं, “साइन-ऑफबद्दल बोलायचंय.” अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगेतले सत्तरीतले एक काका म्हणाले, “बोलू दे तिला. मीही एकदा अशी सही केली आहे.”

त्या दिवशी चहा थंड झाला. कुणी उठलं नाही.