हजार किलोच्या आत!

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं अख्खं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं पटत नाही. संपादक मंडळाने जेवढं सुधारता येईल तेवढं सुधारलंय, उरलेलं गोड मानून घ्या. इंग्लिश सेक्शनला हा लेख दिला असता तर त्याचं 'टेक्निकल आर्टिकल' झालं असतं. मला आर्टिकल लिहायचं नाहीये, भांडायचंय! आणि भांडण मला मराठीतच जमतं (आईची कृपा).

तर भांडण आहे आमच्याच वर्कशॉपमधल्या टोळीशी. बग्गीच्या सीझनमध्ये रेक्टर मॅडमची सही आणली की आम्हा मुलींना रात्री साडेदहापर्यंत थांबता येतं. वेल्डिंग झालं की चहा येतो, आणि चहाबरोबर एकच विषय निघतो : पुढची मियाटा कशी असेल?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मियाटा म्हणजे माझदा कंपनीची एमएक्स-५. दोन सीट, उघडं छप्पर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा दिसली. तोवर ब्रिटिशांच्या छोट्या रोडस्टर्स जवळजवळ संपल्या होत्या, एमजी-बी १९८० मध्येच बंद पडली होती. अशी गाडी पुन्हा बनवा हे माझदाच्या डोक्यात घातलं बॉब हॉल नावाच्या एका पत्रकाराने, तेही १९७९ मध्ये, आणि पुढे त्याला कंपनीतच घेतलं. (पत्रकाराचं ऐकून गाडी बनवणारी कंपनी! आपल्याकडे सरांचं ऐकून कोणी बोल्ट बदलत नाही.) अमेरिकेत तेव्हा किंमत होती १३,८०० डॉलर. आज ती तीस हजारांच्या आसपास आहे, म्हणजे महागाई धरली तर गाडी उलट स्वस्तच झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटच्या, उघड्या छपराच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कोणाचा नाही.

आजपर्यंत चार पिढ्या झाल्या : १९८९, १९९८, २००५ आणि २०१५. चौथीला दहा वर्षं उलटून गेली, म्हणून पाचवीचे अंदाज बांधणं चालू आहे. आमच्या टोळीतल्या इंजिनवाल्याला टर्बो हवाय आणि तीनशे हॉर्सपॉवर हवेत. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो, "हायब्रिड येणार, लिहून घे." एक महाशय तर म्हणाले की गिअरची दांडीच काढून टाकतील, कोणाला हवीय आता! त्या रात्री मी चहा अर्धा टाकून हॉस्टेलवर गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. काय वाट्टेल ते करा, पण हजार किलोच्या आत करा.

हे म्हणणं मी पुस्तकातून उचललेलं नाही, फार अपमान सोसून शिकलेय. गेल्या वर्षी आमच्या बग्गीचं वजन डिझाईन रिपोर्टमध्ये १७० किलो होतं. सॉफ्टवेअरमध्ये पण १७० च येत होतं. गाडी तयार झाली, टेम्पोत घातली आणि कॉलेजमागच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेली, कारण एवढा मोठा काटा जवळपास दुसरा नव्हता. २०४ किलो!! भंगारवाला म्हणाला, "ताई, देणार का? भाव चांगला देतो." सगळे हसले. मी नाही हसले, कारण वजनाचा तक्ता माझ्याकडे होता.

३४ किलो आले कुठून? रात्रभर शोधलं. चोर एकही नव्हता, सगळे आपलेच. कोणी ब्रॅकेट ३ ऐवजी ५ एमएमच्या पत्र्याचा केला, कारण तोच पत्रा पडून होता. कोणी 'सेफ्टीसाठी' दोन गसेट जास्त लावले. ॲक्सलचा बोल्ट बाजारात मापाचा मिळाला नाही म्हणून लांब आणला आणि कापायचा राहिला. प्रत्येकाने दोनशे-चारशे ग्रॅमचीच भर घातली होती. 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य आमच्या वर्कशॉपच्या दारावर लिहायला हवं. मग वजन वाढलं म्हणून स्प्रिंग कडक केले, स्प्रिंग कडक केले म्हणून माउंटिंग जाड केलं, आणि गाडी पुन्हा दीड किलोने वाढली. इंजिन तर तेच होतं, नियमात ठरलेलं. चढावर बग्गी थांबली आणि मी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर एका रात्री वाचलं की तिसऱ्या पिढीच्या मियाटाच्या वेळी माझदाच्या लोकांनी आतल्या आरशातून ८४ ग्रॅम कमी केले होते. चौऱ्याऐंशी ग्रॅम! मेसच्या एका चपातीच्या आगेमागे. या पद्धतीला त्यांनी 'ग्रॅम स्ट्रॅटेजी' असं नाव दिलंय. मला अक्षरशः भरून आलं.

आणि याचा परिणाम बघा. पहिल्या पिढीची जपानमधली सगळ्यात साधी गाडी ९४० किलोची होती. चौथ्या पिढीची तशीच साधी गाडी ९९० किलो. मध्ये पंचवीसेक वर्षं गेली, एअरबॅग आल्या, धडकेचे नियम कडक झाले, बाकी कंपन्यांच्या गाड्या फुगून दुप्पट झाल्या, आणि इथे वाढ फक्त पन्नास किलोंची! चौथी पिढी तर तिसरीपेक्षा शंभर किलोंनी हलकी. जपानमध्ये इंजिन फक्त दीड लिटरचं. कागदावर १३२ हॉर्सपॉवर वाचून आमची टोळी नाक मुरडते, पण एफ इज इक्वल टू एमए मध्ये नुसता एफ वाढवत बसायचं आणि एमकडे बघायचंच नाही, हा कुठला न्याय? शिवाय एम कमी झाला की ब्रेक, टायर, स्प्रिंग सगळ्यांचंच काम सोपं होतं. हॉर्सपॉवर फक्त सरळ रस्त्यावर कामाला येते, वजन प्रत्येक वळणावर भोवतं.

जपानी लोक याला 'जिम्बा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको, आपल्याकडे 'मांड' हा शब्द आहेच.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे वळते. माझा विजेच्या गाड्यांना विरोध नाही. बाबांना मी स्वतः इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला लावलीय. पण हिशोब करा. मियाटाची ४५ लिटरची टाकी भरली की पेट्रोलचं वजन साधारण ३३ किलो होतं, आणि तेही वाटेत जळून कमी होत जातं. ५० किलोवॉट-अवरची बॅटरी तीनशे किलोंच्या पुढे जाते आणि घरी पोचेपर्यंत तेवढीच राहते. २०२३ च्या टोकियो शोमध्ये माझदाने 'आयकॉनिक एसपी' नावाची कन्सेप्ट दाखवली, रोटरी इंजिनने वीज बनवणारी, ३७० हॉर्सपॉवरची. लाल रंग, वर उघडणारे दिवे, दिसायला इतकी सुंदर की हॉस्टेलच्या माझ्या भिंतीवर तिचाच फोटो आहे. वजन मात्र १४५० किलो. म्हणजे पहिल्या मियाटात आमची आठ जणांची बग्गी टीम कोंबली तरी थोडी जागा उरेल! फोटो मी काढणार नाही, पण तिला मियाटा म्हणायचं नाही.

खरी पंचाईत मला इंजिनवाल्याने केली. माझदाने २०२४ च्या नोव्हेंबरात 'स्कायॲक्टिव्ह-झेड' हे नवं इंजिन जाहीर केलं आणि ते आधी सीएक्स-५ मध्ये २०२७ ला येईल असं सांगितलं. ते अडीच लिटरचं आहे, आणि पुढच्या मियाटाच्या संदर्भातही त्यांच्या इंजिनिअर लोकांनी त्याचंच नाव घेतलंय. "बघ, मोठं इंजिन!" असं म्हणून इंजिनवाला नाचला. मला आधी राग आला, मग कारण वाचलं. नेहमीचं इंजिन जोर लावताना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मारतं, कारण त्या जादा पेट्रोलच्या वाफेने तापमान खाली येतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळत नाही. पण त्याने धुरातला कार्बन मोनॉक्साईड वाढतो, आणि युरोपचे येणारे नियम ही पळवाट बंद करतायत. मग सगळीकडे हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला एक असंच ठेवायचं. तसं केलं की त्याच सीसीमध्ये ताकद कमी मिळते, म्हणून सीसी वाढवायचे. म्हणजे अडीच लिटर हा माज नाही, नाइलाज आहे. हे मला पटलं. (इंजिनवाल्याला अजून सांगितलेलं नाही.) त्याच लोकांनी गाडी एक टनाच्या आत आणि चार मीटरच्या आत ठेवायची, गिअरची दांडी ठेवायची असंही म्हटलंय. मोठं इंजिन घालून उरलेल्या गाडीतून ग्रॅम-ग्रॅम वेचून काढायचे, हे जमलं तर मी स्वखर्चाने अख्ख्या टोळीला वडापाव देईन.

"पण ती गाडी भारतात मिळतच नाही, तुला काय करायचंय?" हा प्रश्न मैत्रिणी हमखास विचारतात. खरं आहे, माझदा इथे विकत नाही. चार मीटरच्या आत असूनही आपल्या कमी जीएसटीत ती बसणार नाही, कारण तिथे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत लागतं. आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असंही नाही. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' बनायची, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची. २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हाला 'रेसमो' दाखवली, १.२ लिटर टर्बो, १९० हॉर्सपॉवर. तेव्हा मी शाळेत होते, वहीच्या पाठीमागे तिची चित्रं काढायचे. ती पुढे रस्त्यावर आलीच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती आली असती तर निदान लांबून तरी बघता आली असती.

मियाटात मी अजून बसलेली नाही. माझ्या आतेभावाकडे न्यू जर्सीत १९९९ ची एक आहे, जुनी, दरवाजाला गंज आलेली. व्हिडिओ कॉलवर तो मला गिअर टाकून दाखवतो, मी 'परत टाक' म्हणते, तो परत टाकतो. आत्या मागून ओरडते, "अरे, जेवायला ये!" नवी पिढी आली की जुनी विकणार का, असं मी विचारलं. म्हणाला, नवीचं वजन कळल्यावर ठरवू.

आमच्या नव्या बग्गीचा तक्ता पुन्हा माझ्याकडेच आलाय. प्रत्येक ब्रॅकेट मी मेसच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेते, मेसचे काका वैतागलेत. काल एका ज्युनिअरने सीटचा माउंट आणला, ६० ग्रॅम जास्त होता. "एवढ्याने काय होतंय मॅडम?" म्हणाला. मी त्याला कानस दिली.