रिकॉलचे काम कागदावर उरकणाऱ्या डीलरांना जाहीर इशारा

देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि परिसरातील वाहनधारकांच्या वतीने अहिल्यानगर व श्रीरामपूरकडील सर्व कंपन्यांच्या वाहन डीलरांना हा जाहीर इशारा देण्यात येत आहे.

कंपनी गाडी परत बोलावते (रिकॉल करते), तेव्हा गाडीत दोष असल्याचे कंपनीनेच मान्य केलेले असते. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. अपघातात एअरबॅग उघडणार नाही अशी भीती होती, म्हणून पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असे कंपनीनेच सांगितले. प्रकरण जिवावर बेतते ते असे. आणि आपल्याकडे काउंटरवर उत्तर काय मिळते? "पार्ट आला नाही, पुढच्या महिन्यात फोन करा." मग नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांतून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत, बायकापोरांना बसवून माणूस तीच गाडी घरी आणतो.

त्याहून संतापजनक म्हणजे जॉबकार्डवर रिकॉलचा उल्लेख नाही, बिलात मात्र लेबर आणि वॉशिंगचे पैसे आहेत. पार्ट जुनाच, तरी कंपनीच्या नोंदीत 'काम पूर्ण'! ही नजरचूक नव्हे, फसवणूक आहे. एकदा अशी नोंद पडली की त्या गाडीला पुन्हा बोलावणे येत नाही. ती विकली गेली तर पुढचा मालक अंधारातच राहतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून अशा सक्तीच्या रिकॉलमध्ये कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कंपनीकडे बोट दाखवून डीलरही सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवा देणाऱ्यावरही नुकसानभरपाईची जबाबदारी आहे.

येत्या १५ दिवसांत चेसिस नंबर तपासून राहिलेली सर्व कामे करा. जॉबकार्डवर रिकॉल लिहा, काढलेला पार्ट मालकाला दाखवा, घेतलेले पैसे परत करा. पार्ट नसेल तर लेखी तारीख द्या, आणि गाडी चालवणे धोक्याचे असेल तर ती नेण्या-आणण्याची सोय तुम्हीच करा.

अन्यथा प्रत्येक गाडीची स्वतंत्र तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होईल आणि शोरूमसमोर ठिय्या आंदोलन केले जाईल. होणाऱ्या परिणामांस संबंधित डीलर जबाबदार राहतील.

वाहनधारकांनो, तोंडी आश्वासनावर सही करून गाडी बाहेर काढू नका. जॉबकार्डची प्रत मागा. दिली नाही तर तिथूनच १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.