पारख : सोनं किती आणि घडणावळ किती?

दोस्तांनो, या वेळचं पत्र धुळ्याहून आलंय. पत्र लिहिणारा नववीत आहे. त्याला बेस गिटार शिकायची आहे. तो लिहितो, "दुकानात एक बारा हजारांची आहे. तश्शीच दिसणारी एक मोबाइलवर बघितली, ती दोन लाखांची. दोघींना चार-चार तारा, आकार तोच, रंगसुद्धा तोच. मग वरचे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार कशाचे? बाबा म्हणतात, स्वस्त घेतली तर पैसे पाण्यात, आणि महाग घेण्याची आपली ऐपत नाही. म्हणजे घ्यायचीच नाही का?"

प्रश्न मोठा झकास आहे, आणि बाबांचंही काही चुकत नाही. म्हणून हे पान आज घरच्यांनाही वाचायला द्या.

जळगावच्या सराफ बाजारात आईबरोबर कधी गेला असाल, तर तुम्ही पावती पाहिली असेल. तिच्यावर सोन्याचा भाव वेगळा लिहिलेला असतो आणि घडणावळ वेगळी. बावीस कॅरेटचं सोनं साध्या वळ्यात असो की नक्षीदार तोड्यात, त्याचा कस तोच. तोडा महाग पडतो तो घडणावळीमुळे. वाद्याच्या दुकानात मात्र पावतीवर एकच आकडा असतो. त्यातलं सोनं किती आणि घडणावळ किती हे आपल्यालाच शोधावं लागतं.

आधी हे वाद्य काय आहे ते बघू. आपल्याकडे तंबोऱ्याच्या चौथ्या तारेला खर्जाची तार म्हणतात. बेस गिटार म्हणजे सगळा खर्जाचाच कारभार. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. तुमच्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, त्याहूनही हे खाली! गाणं ऐकताना हा सूर कानाला वेगळा कळत नाही. तो काढून टाकला की मात्र गाणं पोकळ वाटतं. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांखाली टोनी वाझ यांची बेस गिटार वाजते आहे. पुन्हा ऐकाल तेव्हा गाण्याच्या तळाशी कान लावून बघा.

तर हे वाद्य बाजारात खऱ्या अर्थाने आणलं अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. त्याआधी खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बेस उभा करून वाजवायचे. तो न्यायचा कसा, हा एक प्रश्न. बाकीच्या वाद्यांच्या गोंगाटात तो ऐकू येत नसे, हा दुसरा. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यांनी एक सपाट लाकडी फळी घेतली, तिला वेगळी केलेली मान स्क्रूने जोडली, मानेवर धातूचे पडदे बसवले. पडदे असल्याने सूर नेमका जागेवर लागतो, म्हणून नाव ठेवलं 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. हे सगळं त्यांनी कारखान्यात झटपट आणि भरपूर माल निघावा म्हणून योजलं होतं. म्हणजे आज जी दोन लाखांना मिळते, तिचा मूळ आराखडाच सोप्या, सुटसुटीत बनावटीचा आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आकडा फोडू या. पहिलं लाकूड. महागड्या बेसला अ‍ॅल्डर किंवा अ‍ॅश नावाच्या झाडांचं लाकूड असतं, स्वस्तातल्या बेसला हलक्या जातीचं, कधी कधी चक्क प्लायवूड. विकणारे यावर खूप बोलतात. माझं मत विचाराल तर इथे भुलायचं कारण नाही. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा आणि लाकूड हेच वाद्याचा आवाज असतात. तिथले कारागीर भोपळा निवडतात, वाळवतात, त्यात वर्ष वर्ष जातं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नव्हे. पण बेस गिटारचं अंग भरीव असतं. तिचा आवाज पोकळीतून येत नाही, तारेखालच्या पिकअपमधून येतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार हलली की त्या वेढ्यांत अगदी नाजूक वीज तयार होते, ती अ‍ॅम्प्लिफायर मोठी करतो. लाकडाने फरक पडतो की नाही यावर वादक अजून भांडतात, पण तंबोऱ्याइतका तो नक्कीच पडत नाही.

पिकअपने मात्र पडतो. हलक्या पिकअपमधून घूंऽऽ असा आवाज येत राहतो. तोच तुमच्या घरातल्या विजेचा ५० वेळांचा हेलकावा! यावरचा उपाय फेंडर यांनी १९५७ मध्येच काढला. पिकअपचे दोन तुकडे केले आणि त्यांची जोडणी अशी उलटसुलट केली की दोघांतली गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा सूर तेवढा उरतो. ही युक्ती आज स्वस्तातल्या बेसमध्येही सर्रास सापडते.

दुसरी गोष्ट मान. खरी घडणावळ इथे आहे. खांबापासून घोडीपर्यंतची तार साधारण ८६ सेंटिमीटर लांब. इतक्या जाड चार तारा ताणल्या की त्या लाकडाला सतत धनुष्यासारखं वाकवायला बघतात. म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. ती पाना घालून घट्ट-सैल करता येते. मानेचं लाकूड नीट सुकवलेलं आहे का, सळई नीट काम करते का, वीस-बावीस पडदे एका पातळीत घासलेत का, त्यांची टोकं गोल केली आहेत का, या सगळ्याला माणसाचा वेळ लागतो. अमेरिकेतल्या कामगाराचा वेळ महाग, चीन किंवा इंडोनेशियातल्या कामगाराचा त्या मानाने स्वस्त. किमतीतला फार मोठा फरक या वेळाचा आहे. लाकूड कापायचं काम आता दोन्हीकडे संगणकावर चालणारी यंत्रंच करतात. म्हणून आजची स्वस्त बेस ही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त बेसपेक्षा कितीतरी सरस असते.

आणि तिसरा भाग नावाचा. डोक्यावर कोणती अक्षरं आहेत त्याचेही पैसे पडतात. सराफाच्या पावतीवर ही ओळ नसते!

आता आपल्या खानदेशाचं एक खास दुखणं. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत. पावसाळ्यात फुगून अडकणारी दारं उन्हाळ्यात सैल होतात, हे तुम्ही घरात पाहिलं असेलच. बेसच्या मानेचंही तेच होतं. लाकूड सुकून किंचित आक्रसतं, पडद्याचा धातू काही आक्रसत नाही. मग पडद्यांची टोकं दोन्ही कडांनी बाहेर डोकावतात आणि हात वर-खाली नेताना करवतीसारखी टोचतात. कमी सुकवलेल्या लाकडात हे जास्त होतं, पण महागड्या बेसलाही ते चुकत नाही. कॅलिफोर्नियात बनलेल्या मानेला भुसावळचा मे महिना काय ठाऊक! उपाय साधा आहे. जाणकार कारागीर बारीक कानशीने टोकं घासून देतो. मान वाकली असेल तर सळईला पाव आटा फिरवतो. हे काम तासा-दोन तासांचं. त्याला वादक 'सेटअप' म्हणतात. माझ्या मते, सेटअप केलेली पंधरा हजारांची बेस ही सेटअप न केलेल्या लाखाच्या बेसपेक्षा शिकणाऱ्याच्या हाताला बरी. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर नवशिक्याची बोटं आठ दिवसांत सोलवटतात. मग वाद्य खाटेखाली जातं, आणि घरातले म्हणतात, "बघा, सांगितलं नव्हतं?"

स्वस्त वाद्यावर कुणी मोठं झालंय का? बीटल्समधले पॉल मॅकार्टनी १९६१ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात वाजवत होते. फेंडरची बेस त्यांना परवडेना. तिची किंमत शंभर पौंडांच्या आसपास होती. त्यांनी सुमारे तीस पौंडांना हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस घेतली. ते डावखुरे. व्हायोलिनचा आकार दोन्हीकडून सारखा, म्हणजे उलटी धरली तरी विचित्र दिसायची नाही! बीटल्सची सुरुवातीची गाणी त्याच बेसवर वाजली. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली, आणि सापडल्याची बातमी आली थेट २०२४ च्या फेब्रुवारीत. बावन्न वर्षांनी! तुमच्यातल्या बारक्यांसाठी आणखी एक गोष्ट : त्या बेसची तार ७६ सेंटिमीटरच लांब होती. अशा आखूड मानेच्या बेस आजही मिळतात. हात लहान असेल तर आखूड मान बघा, त्यात कमीपणा काही नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. डेट्रॉईटचे जेम्स जेमर्सन यांनी १९६२ च्या एकाच फेंडर प्रिसिजनवर असंख्य गाणी वाजवली. तारा ते क्वचितच बदलत, आणि वाजवत उजव्या हाताच्या एकाच बोटाने. वर्षानुवर्षं रोज वाजवूनही ज्याची मान आणि खुंट्या दगा देत नाहीत, त्या वाद्याला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. पण तो वाजवून पोट भरणाऱ्या माणसासाठी.

दुकानात गेलात की काय कराल? वायर जोडायला आधी सांगूच नका. बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरा आणि मानेवरून नजर टाका. किंचित बाक चालेल, पीळ चालणार नाही. मानेच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा, टोचतं का बघा. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवा. कुठे खरखर येते तिथे खूण लक्षात ठेवा. मग बाराव्या पडद्याची परीक्षा. त्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडा, लगेच उचला. घंटीसारखा सूर येईल. आता तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सूर एकच हवेत. मोबाइलवर सूर दाखवणारं फुकट अ‍ॅप असतं, त्यात बघा. फरक असला तर घोडीवरचा स्क्रू फिरवून दुकानदारालाच तो काढून द्यायला सांगा. त्याला ते जमत नसेल, तर सेटअपला दुसरा कारागीर शोधावा लागणार हेही कळलं. पट्टा लावून गळ्यात अडकवा आणि हात सोडा. डोकं खाली झुकत असेल तर तुमचा डावा हात कायम हमालीच करणार. शेवटी वायर जोडा, बटणं फिरवा, खरखर ऐका.

पैशांचं म्हणाल, तर अगदी तळातली टाळा. बारा हजारांची या परीक्षांत उतरली तर खुशाल घ्या. पंचवीस-तीस हजारांपर्यंत वाढवलेला प्रत्येक रुपया हाताला जाणवतो. तिथून दोन लाखांपर्यंतचा प्रवास मात्र बराचसा घडणावळीचा आणि नावाचा आहे, ऐकणाऱ्याला तो क्वचितच कळेल. आणि बाबांना एक आधीच सांगून ठेवा, सगळे पैसे बेसवर संपवायचे नाहीत. ४१ हेलकाव्यांचा सूर मोबाइलच्या स्पीकरमधून येतच नाही. छोटासा का होईना, बेससाठीचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा बरे हेडफोन लागतात. अ‍ॅम्प्लिफायरशिवायची दोन लाखांची बेस बारा हजारांच्या बेसइतकीच मुकी.

वाद्य घरी आलं की उन्हाळ्यात त्याची पिशवी पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नका. कूलरच्या झोतातही नको, दिवसभर ओलं आणि रात्री कोरडं असं लाकडाला सोसत नाही. आतल्या खोलीत, भिंतीपासून जरा दूर, पिशवीत बंद. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा असा एक फेरा झाला की पुन्हा मानेवरून नजर टाका. आणि हो, सळईचा पाना स्वतः फिरवायची घाई नको. एकदा कारागिराशेजारी बसून बघा, मग पाव आट्यापेक्षा जास्त कधीच नाही.