चहाचा केर आणि औषधी अर्क

बेळगावकडील एका वाचक भगिनीने आम्हांस विचारले आहे की, चहाच्या कारखान्यातील टाकाऊ मालापासून काढलेला अर्क हल्ली कॅप्सुलांत भरून विकतात. तो मधुमेहावर व वजन उतरविण्यास गुणकारी आहे असे सांगतात. तर तो यजमानांना द्यावा काय? 'झाडपाल्याचेच आहे, मग अपाय कसला?' असेही त्या लिहितात. ह्या शेवटच्या वाक्यामुळेच आजचा मजकूर लिहावा असे आम्हांस वाटले.

प्रथम हा केर म्हणजे काय ते पाहू. आसामात काय किंवा निलगिरीत काय, खुडलेले पान सुकवून, चुरून, आंबवून भट्टीतून काढले म्हणजे चाळणीवर जाते. तेथे देठ, तंतू, हलका भुसा व जमिनीवर सांडलेली भुकटी वेगळी होते. तंतू तर विद्युद्भारित रुळांवर चिकटवून मोठ्या युक्तीने बाजूस काढतात. हा माल पुन्हा चहात मिसळून गरिबाच्या कपात जाऊ नये म्हणून 1959 साली सरकारने खास नियंत्रण-आदेश काढला. परवान्यावाचून ह्या केराचा व्यापार करता येत नाही. परवानाधारक तो घेतात तो बहुधा खतासाठी किंवा कॅफीन काढण्यासाठी.

हे कॅफीन मात्र अस्सल औषध आहे. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1819 साली ते कॉफीच्या दाण्यातून वेगळे केले. 1827 साली चहातून असेच एक द्रव्य निघाले व त्यास निराळे नाव मिळाले. पुढे 1838 साली दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे ठरले. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत ते असते. दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या बालकाचा श्वास मधूनमधून थांबतो, तेव्हा डॉक्टर त्याला कॅफीनचेच मोजके थेंब देतात आणि इवलीशी छाती पुन्हा हलू लागते. आज पुष्कळसे कॅफीन रासायनिक रीतीनेही तयार होते. परंतु केरातून निघालेला रेणू आणि कारखान्यात घडविलेला रेणू यांत औषधाच्या दृष्टीने भेद नाही. गुण आहे तो शुद्धतेचा आणि मापाचा.

आता कॅप्सुलांकडे वळू. त्यांत मुख्यत्वे कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये असतात. हिरव्या चहात ती विपुल. आपल्या काळ्या चहात आंबवताना त्यांचे बहुतांशी रूपांतर होते आणि कपाला तांबूस रंग येतो. त्यांत काहीच गुण नाही असे आम्ही म्हणणार नाही. हिरव्या चहाच्या पानांच्या अर्काचे एक मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विशिष्ट चामखिळींसाठी 2006 साली मान्य केले. पण ते लावण्याचे औषध आहे, पोटात घेण्याचे नव्हे. वजनाविषयी 2012 साली अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा घट निघाली ती नगण्य. मधुमेहासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी बाजूस सारून हा अर्क घ्यावा, असा कोणताही आधार नाही.

आणि अपाय? तोही आहे. हिरव्या चहाचा अर्क असलेले वजन उतरविण्याचे एक औषध 2003 साली फ्रान्स व स्पेन येथील बाजारातून काढून घ्यावे लागले, कारण घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृतास इजा झाली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली निर्णय दिला की, साधा हिरवा चहा पिणे सामान्यतः निर्धोक. परंतु ह्या द्रव्यांपैकी प्रमुख असे जे ईजीसीजी, ते कॅप्सुलांवाटे दिवसाला 800 मिलिग्राम वा अधिक गेल्यास यकृत बिघडल्याच्या खुणा रक्तात उमटू लागतात. पेला भरून पिणे वेगळे आणि पातेलेच्या पातेले आटवून एका घोटात घेणे वेगळे, हे गृहिणीस आम्ही काय समजवावे! त्यातून बाटलीवर किती अर्क, कोणत्या भागाचा, हे छापलेलेच नसेल तर ती घरात आणूच नये. कॅप्सुला आधीच सुरू असतील आणि डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर त्या ताबडतोब थांबवाव्या व बाटलीसह डॉक्टरांकडे जावे.

चहातील तुरटपणाविषयी आणखी एक गोष्ट, आणि ही खास भगिनींसाठी. भाजीपाला व कडधान्ये यांतील लोह त्या तुरट द्रव्यांना बांधले जाते व अंगी लागत नाही. आपल्याकडे रक्तक्षय झालेल्या स्त्रिया किती, हे कोणत्याही दवाखान्यातील परिचारिका सांगेल. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय त्यांनी मोडावी. मध्ये तासाभराचे तरी अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर गिळणे म्हणजे ती निम्मीशिम्मी वाया घालविणेच होय.

घरच्या चोथ्याचे काय करावे, असेही त्या भगिनींनी पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्याचा अर्क काढण्याच्या खटपटीत पडू नये. साखर व दूध निघून जाईपर्यंत तो धुवावा, नाहीतर मुंग्या धावतील. मग उन्हात वाळवून गुलाबाच्या आळ्यात थोडाथोडा मिसळावा.