पाणपोईवर टँकर : खुल्या जाळ्यांवरील उचलेगिरीचा इतिहास

१/ नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस ब्लूस्काय या समाजमाध्यमावरील १० लाख सार्वजनिक नोंदींचा एक संच ‘हगिंग फेस’ या संकेतस्थळावर ठेवण्यात आला. यंत्रशिक्षणाच्या प्रयोगांसाठी तो कोणीही उचलावा, असा हेतू होता. नोंदी ज्यांच्या होत्या त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. गदारोळ झाला, संच मागे घेतला गेला, ठेवणाऱ्याने क्षमाही मागितली. त्यापाठोपाठ इतरांनी त्याहून मोठे संच मांडले. त्यांना क्षमा मागण्याचीही गरज वाटली नाही.

२/ त्याच महिन्यात ब्लूस्काय कंपनीने जाहीर केले होते की, सदस्यांच्या नोंदी वापरून ती स्वतः जनक एआय घडवत नाही. हे आश्वासन प्रामाणिक मानले तरी अपुरे होते. या जाळ्यावरील सार्वजनिक नोंदींचा अखंड प्रवाह रचनेनेच सर्वांना खुला आहे. तो भरून नेण्यास ना परवाना लागतो, ना ओळख. घरमालकाने चोरी न करण्याची शपथ घेतली म्हणून दाराला कडी बसत नाही.

३/ हा प्रकार नवा वाटतो, पण विकेंद्रित जाळ्यांच्या सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या इतिहासात तो पुनःपुन्हा घडला आहे. जिथे दारावर पहारेकरी नाही तिथे घराला धनीही नाही, ही ती जुनी आणि सोयीस्कर समजूत. आजच्या एआय कंपन्यांना ती वारशाने मिळाली. त्यांनी तिचा कारखाना केला.

४/ १९७९ मध्ये अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी युजनेटची कल्पना मांडली. पुढल्या वर्षी ते लोकांसमोर आले. त्याला मध्यवर्ती संगणक नव्हता. एका संस्थेचा संगणक दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्याला संदेश देई, दुसरा तिसऱ्याला. साठवणीची जागा अपुरी असल्याने काही दिवसांत वा आठवड्यांत जुने संदेश पुसले जात. पारावरचे बोलणे वाऱ्यावर जाते, याच भरवशावर लिहिणारा लिहीत होता.

५/ युजनेटवर मराठीचाही एक कट्टा होता : ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’. देवनागरीची सोय नसल्याने परदेशी शिकणारे, नोकरी करणारे मराठी लोक तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहीत. घरापासून दूर पडलेल्या माणसांच्या त्या गप्पा होत्या. त्या पुढे कुणाच्या मालमत्तेत जमा होतील, असा विचार करून कोणी तिथे बसले नव्हते.

६/ तरीही युजनेट विस्मृतीत गेले नाही, याचे मोठे श्रेय टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांना जाते. १९८१ ते १९९१ या काळातील सुमारे २० लाख संदेश त्यांनी १४१ चुंबकीय फितींवर जपले. त्या दशकाचा अभ्यास करणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे. म्हणूनच प्रश्न अवघड होतो : जतन आणि उचलेगिरी यांच्यातील सीमा कोठे आखायची?

७/ १९९५ मध्ये डेजा न्यूज ही कंपनी आली. तिने युजनेटवरील संदेश कायमचे साठवून नावानिशी शोधण्याजोगे केले. विरोध झाला तेव्हा तोडगा निघाला तो असा : ज्याला आपले लेखन साठवले जाऊ नये असे वाटते, त्याने संदेशाच्या शीर्षभागी ‘एक्स-नो-आर्काइव्ह’ ही सूचना घालावी. सूचना नसेल तर संमती गृहीत. दुसऱ्याने उत्तरात तुमचे वाक्य उद्धृत केले, तर ते मात्र राहणारच.

८/ फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने डेजाचा ५० कोटींहून अधिक संदेशांचा संग्रह विकत घेतला. वर्षअखेरीस स्पेन्सर यांच्या फितींमधील संदेशही त्यात आले आणि वीस वर्षांचे युजनेट एका कंपनीच्या छपराखाली गेले. विकणाऱ्याने त्यातले काही लिहिले नव्हते, घेणाऱ्यानेही नाही. ज्यांनी लिहिले होते त्यांना व्यवहाराची बातमी वर्तमानपत्रांतून कळली. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने युजनेटवरील नव्या संदेशांची देवाणघेवाण थांबवली; जुना साठा मात्र आपल्याकडेच ठेवला.

९/ दरम्यान १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही पद्धत सुचवली होती. संकेतस्थळाच्या दाराशी एक छोटी पाटी लावायची आणि कोणत्या यंत्राने कोठे येऊ नये ते तीवर लिहायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये या पद्धतीला औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला. पण हे नियम म्हणजे प्रवेशाची परवानगी देणारी वा नाकारणारी यंत्रणा नव्हे, असे त्या मानकातच नमूद आहे. सारी भिस्त येणाऱ्याच्या सभ्यतेवर.

१०/ २०१६ मध्ये जर्मनीत ओयगेन रोख्को यांनी मॅस्टोडॉन सुरू केले. हजारो लहानमोठे सर्व्हर, प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि सर्वांना जोडणारी एक समान भाषा. जानेवारी २०१८ पासून ती भाषा म्हणजे ‘ॲक्टिव्हिटीपब’ हे मानक. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यावर अनेक भारतीयांनीही याच जाळ्याकडे मोर्चा वळवला. एका कंपनीच्या मर्जीवर बोलणे अवलंबून नसावे, ही त्यामागची आस होती.

११/ या लोकांनी संमतीचा एक कडक शिष्टाचार घडवला. मॅस्टोडॉनवर सार्वजनिक नोंदींतला शब्दशोध दीर्घकाळ मुद्दाम मर्यादित ठेवला होता. सप्टेंबर २०२३ च्या ४.२ आवृत्तीत तो आला, तोही ज्यांनी स्वतःहून होकार दिला त्यांच्याच नोंदींपुरता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय यांना जोडणारा ‘ब्रिजी फेड’ हा पूल आखला गेला. नकार न देणाऱ्या सर्वांच्या नोंदी त्यावरून जाणार होत्या. तीव्र विरोधानंतर पूल बांधणाऱ्याला तो होकारावर आधारित करावा लागला.

१२/ शेजारच्या जाळ्यावर नोंद दिसावी यासाठीसुद्धा जिथे आधी विचारावे लागते, तिथे त्याच नोंदी नफ्याच्या यंत्रात घालण्यासाठी कोणी विचारत नाही. ‘सार्वजनिक म्हणजे सर्व वापरांसाठी मोकळे’ हा नियम त्या जाळ्यातील रहिवाशांनी कधीच मान्य केला नव्हता. तो बाहेरून आलेल्यांनी त्यांच्यावर लादला.

१३/ यात तंत्राचाही एक घाव आहे. मॅस्टोडॉनवर नोंद पुसली की तिच्या प्रती असलेल्या इतर सर्व्हरांना पुसण्याचा निरोप जातो आणि त्यांनी तो पाळावा अशी अपेक्षा असते. डेटासंचाला हा निरोप पोहोचत नाही. एखाद्या तरुणीने घाबरून पुसलेले वाक्य, एखाद्या रुग्णाने मागे घेतलेली कबुली तिथे जशीच्या तशी राहते. आणि एकदा प्रशिक्षण झाले की त्या एका वाक्याचा अंश यंत्रातून निवडून काढणे जवळजवळ अशक्य होते.

१४/ भिंती असलेल्या माध्यमांचे काय झाले ते पाहावे. रेडिटने फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी आणि मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार करून सदस्यांच्या लेखनाचा पुरवठा विकला. जून २०२५ मध्ये, विनापरवाना उचल केल्याचा आरोप ठेवून तिने ॲन्थ्रोपिकवर दावा लावला; ॲन्थ्रोपिकने आरोप अमान्य केला. निकाल काहीही लागो, बोध स्पष्ट आहे. जिथे भिंत आहे तिथे किंमत ठरते आणि वकील उभा राहतो. जिथे लोकांनी विश्वासाने भिंत बांधली नाही, तिथे ना किंमत, ना वादी.

१५/ विकेंद्रित जाळ्यांनी आपल्या परीने प्रतिकार केला. जून २०२५ मध्ये मॅस्टोडॉनच्या मुख्य सर्व्हरने अटी बदलून एआय प्रशिक्षणासाठी नोंदी काढून नेण्यास मनाई केली. पण ती त्या एका सर्व्हरपुरती. ब्लूस्कायने २०२५ मध्ये असा प्रस्ताव मांडला की, प्रत्येक सदस्याने आपली इच्छा यंत्राला वाचता येईल अशा खुणेने नोंदवावी. ती खूण पाळण्याचे बंधन मात्र कोणावर नाही. १९९५ ची पाटी तीस वर्षांनी नव्या रंगात पुन्हा दारावर आली.

१६/ कायद्याकडे पाहावे तर निराशा वाढते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या स्वामित्वहक्क निर्देशात, हक्क राखून ठेवल्याचे हक्कधारकाने योग्य रीतीने नोंदवले नसेल तर मजकुराचे यांत्रिक उत्खनन करण्यास मुभा आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचे कलम ३ त्याहून पुढे जाते : व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या व्यक्तिगत माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कायद्यातील उदाहरण समाजमाध्यमावर आपली मते मांडणाऱ्या व्यक्तीचेच आहे.

१७/ पहिला बचाव : ‘जे उघड्यावर लिहिले ते कोणीही वाचणारच.’ वाचावेच. पण पाणपोईवर वाटसरूने ओंजळ धरणे आणि व्यापाऱ्याने टँकर लावणे, यांना एकच शब्द लावणे हा भाषेचाही अपमान आहे. वाटसरूसाठीच पाणपोई घातलेली असते. टँकरवाला तेच पाणी बाटलीत भरून पुन्हा त्याच वाटसरूला विकतो.

१८/ दुसरा बचाव : ‘माणूसही वाचूनच शिकतो, यंत्र तेच करते.’ माणूस वाचतो तेव्हा तो उत्तर देतो, वाद घालतो, आभार मानतो, कधी मित्रही होतो. म्हणजेच त्या कट्ट्याचा एक भाग होतो. १० लाख नोंदी घेऊन जाणारे यंत्र त्या कट्ट्यावर एकही शब्द ठेवून जात नाही. मागे उरतो तो सर्व्हरवरचा भार, आणि त्याचे देयक बहुधा पदरमोड करणारा एखादा स्वयंसेवक भरतो.

१९/ तिसरा बचाव मराठी वाचकाला सर्वाधिक भुरळ घालणारा आहे : ‘लहान भाषांचा मजकूर घेतला नाही, तर त्या यंत्रयुगात मागे पडतील.’ ही गरज खरी आहे. पण गरज खरी असणे हा न विचारण्याचा परवाना होत नाही. उलट मजकूर जितका दुर्मीळ, तितके देणाऱ्याचे मोल अधिक. ज्या भाषेत लिहिणारे थोडे, तिथे एखाद्याची शैली आणि ओळख लपणेही कठीण. मराठीसाठी मजकूर हवा असेल तर मराठी लिहिणाऱ्यांकडे यावे, मागावे, मोबदला ठरवावा.

२०/ आता सहाव्या नोंदीतील प्रश्न. जतन आणि उचलेगिरी यांतील सीमा मराठी इतिहासलेखनाला अपरिचित नाही. वि. का. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्या कामासाठी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळावी लागत, घरमालकांची मनधरणी करावी लागे. कित्येक दारे बंदच राहिली. पण जो कागद छापला गेला, तो कागद म्हणून राहिला : त्याचा लेखक, काळ, संदर्भ यांसह वाचता, तपासता, खोडता येईल असा. स्पेन्सर यांच्या फितींचेही मोल त्यातच आहे.

२१/ एआयच्या भट्टीत नेमके हेच वितळते. कोणी लिहिले, कोणाला उद्देशून, कोणत्या दिवशी, कोणत्या रागात वा थट्टेत, हे सारे जाऊन उरतो तो शब्दांच्या सांगडीचा हिशेब. साधनाचा ठावठिकाणा पुसणारी कृती इतिहासाच्या अभ्यासकाने ‘जतन’ म्हणून खपवून घेऊ नये. दागिने वितळवणारा सोनार त्यांचा संग्राहक ठरत नाही.

२२/ म्हणून मागणी साधी आहे. ओझे बाजू बदलले पाहिजे : लिहिणाऱ्याने ‘नको’ची पाटी लावत फिरण्याऐवजी घेणाऱ्याने ‘हो’ मिळवावा. नोंद पुसली गेली तर ती संचातूनही काढण्याचे बंधन असावे. कोणत्या जाळ्यावरून काय घेतले, हे कंपन्यांनी उघड करावे. आणि भारतीय कायद्याच्या कलम ३ मधील सूट, माणसाच्या वाचनापलीकडे जाणाऱ्या घाऊक व्यापारी वापराला मिळू नये.

२३/ हे झाले नाही तर काय होईल, याची चाहूल लागलेली आहे. एप्रिल २०२५ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने नोंदवले की, जानेवारी २०२४ पासून चित्रे व अन्य बहुमाध्यमी फायली पुरवण्याचा भार ५० टक्क्यांनी वाढला आणि ती वाढ मुख्यतः यंत्रांमुळे आहे. लहान सर्व्हरांचे चालक आता दारे लावून घेत आहेत, ओळख मागत आहेत, अनोळखी वाचकाला परतवत आहेत. पाणपोई रोज रिकामी होऊ लागली की घालणारा एक दिवस रांजण उचलून घरात नेतो. टँकरवाला दुसरी विहीर शोधतो. तहानलेला राहतो तो वाटसरू.

(धागा समाप्त)